माणूस काढायला शिकताना चित्र आधी बिघडतं, ते का?

इलेमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बसथांबा, भाजीबाजार, गणपतीची मिरवणूक असा काही विषय येतो आणि वर्गातली सगळी मुलं माणसं काढायला लागतात. त्या वर्गभराचे कागद शेजारी शेजारी मांडून बघा. चुका सगळ्यांच्या सारख्याच असतात. डोकं मोठं, डोळे पार कपाळाजवळ, हात आखूड, पंजे खिशात किंवा पाठीमागे लपवलेले, दोन्ही पावलं एकाच बाजूला वळलेली. शेजारच्याचं न बघता एवढ्या मुलांनी एकच चूक करावी, म्हणजे ती हाताची चूक नसणार. हात तर प्रत्येकाचा निराळा असतो.

यातली काही मुलं पुढे कला महाविद्यालयात जातात. मानवाकृतीचा अभ्यास सुरू होतो आणि घरच्यांना काळजी वाटावी असं काहीतरी घडतं. शाळेत हुबेहूब चेहरे काढणाऱ्या मुलीची वही वेड्यावाकड्या रेघांनी भरायला लागते. माणसांना नाकडोळे नाहीत, बोटं नाहीत, काही ठिकाणी तर डोकंच नाही. पैसे भरून शिकायला घातलं आणि होतं तेही गेलं, असं आईवडिलांना वाटतं. खुद्द त्या मुलीलाही वाटतं, आणि याच सुमारास कितीतरी जण माणसं काढणं सोडून देतात. मला याची फार हळहळ वाटते, कारण ते नेमके योग्य वाटेवर असतात. मानवाकृती शिकताना चित्र एकदा नाही, अनेकदा बिघडतं, आणि दर वेळी बिघडण्याचं कारण वेगळं असतं.

नाव माहीत असतं, म्हणून चुकतं

झाडाची फांदी चार बोटं सरकली तरी झाड झाडच राहतं. डोळा रेघभर सरकला की समोरचा माणूस कुणीतरी दुसराच होतो. जन्मापासून आपण चेहरे वाचत आलो आहोत, त्यामुळे ज्याने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तोही 'काहीतरी चुकलंय' हे क्षणात ओळखतो. काय चुकलंय ते त्याला सांगता येत नाही, एवढंच.

काढणाऱ्याची अडचण याच्या उलट आहे. डोळा कसा असतो हे त्याला फार आधीपासून 'माहीत' आहे: बदामी आकार, मधे गोल, वर भुवई. समोर मॉडेल बसलेलं असलं तरी कागदावर उतरते ती ही पाठ झालेली खूण. मेंदूने काम वाचवलेलं असतं. जिथे आपलं लक्ष जास्त, त्या भागाला कागदावर जागा जास्त मिळते. चेहऱ्यावर आपलं सगळं लक्ष, म्हणून डोकं मोठं होतं. कपाळ आणि केसांखालची कवटी यांत 'बघण्यासारखं' काही नाही, म्हणून ती कापली जाते आणि डोळे वर सरकतात. आरशासमोर पट्टी घेऊन मोजा. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या जवळजवळ बरोबर मध्यावर डोळे येतात. पहिल्यांदा मोजणाऱ्याला हे खरंच वाटत नाही.

हाताचंही तसंच. तळव्याचा खालचा भाग हनुवटीवर टेकवा. मधल्या बोटाचं टोक केस सुरू होतात तिथवर पोचतं. म्हणजे पंजा चेहऱ्याएवढा असतो. पाऊल त्याहून मोठं, साधारण कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचं. नवशिक्याच्या चित्रात मात्र हातपाय बाहुलीचे असतात.

यावर शिक्षक एक विचित्र वाटणारा अभ्यास देतात. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाचा हात काढू नका. हात आणि कंबर यांच्यामधली रिकामी जागा काढा. त्या जागेला नाव नाही. नाव नाही म्हणून तिची पाठ केलेली खूणही नाही, त्यामुळे तिथे डोळ्यांना खरोखर बघावं लागतं. अशा रिकाम्या जागा बरोबर आल्या की हात आपोआप जागेवर येतो. पण यात जुन्या खुणा हातातून सुटतात आणि नवी नजर अजून बसलेली नसते. चित्र पहिल्यांदा बिघडतं ते इथे.

मोजमाप

हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवणारा चित्रकार सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. तो मॉडेलच्या डोक्याची उंची पेन्सिलीवर घेतो आणि ती अख्ख्या शरीरात किती वेळा बसते ते बघतो. कोपर ताठ ठेवण्याचं कारण साधं आहे. डोळ्यापासून पेन्सिलीचं अंतर बदललं की माप बदलतं. कोपर एकदा वाकला आणि एकदा ताठ राहिला तर दोन मापांची तुलनाच होऊ शकत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर पेन्सिल दोन जागी दिसते, म्हणून एक डोळा मिटायचा.

मोठा माणूस साधारण सात ते साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. त्याचा मध्य बेंबीपाशी येईल असं वाटतं, पण येतो जांघेपाशी. नुकतं जन्मलेलं बाळ चार डोक्यांएवढंच असतं आणि त्याचा मध्य बेंबीजवळ येतो. म्हणून मोठ्या माणसाची आकृती नुसती छोटी केली तर मूल तयार होत नाही, लांब उभा असलेला मोठा माणूस तयार होतो.

आपल्याकडे हे गणित फार जुनं आहे. मूर्तिकार ताल हे माप वापरत. एक ताल म्हणजे बारा अंगुळं, आणि नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार दिले आहेत: हंस १०८ अंगुळं, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९०. जुन्या शिल्पशास्त्रांनी कलावंताला एकाच साच्यात कोंबलं असं म्हणणाऱ्यांनी हे पाच आकडे बघावेत. सगळी माणसं एका मापाची नसतात हे त्या ग्रंथकारांना पक्कं ठाऊक होतं.

वर्गात याचाच विसर पडतो. पुस्तकात 'आदर्श आकृती आठ डोक्यांची' असं वाचलेलं असतं आणि समोर बसलेले आजोबा सात डोक्यांचेही नसतात; तरी कागदावर आठ डोक्यांचे आजोबा उतरतात. माप हा समोरच्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे. उत्तर त्याच्याकडून घ्यायचं, पुस्तकातून नाही.

हा टप्पा जमला की आकृती मोजून बरोबर येते आणि तरीही ताठ, निर्जीव दिसते. आधीच्या अंदाजपंचे रेघांत जी हालचाल होती ती मोजताना निघून जाते. हे दुसरं बिघडणं, आणि ते जास्त बोचतं, कारण आता चूक दाखवायला बोट ठेवावं अशी जागाच सापडत नाही.

ओळंबा

माझ्या मते मानवाकृतीच्या अभ्यासाचा गाभा इथे आहे. माणूस काढायचा म्हणजे वजन काढायचं.

आरशासमोर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. आता सगळा भार एका पायावर घ्या आणि दुसरा गुडघा सैल सोडा. भार ज्या पायावर आहे त्या बाजूचं कमरेचं हाड वर गेलं. त्याच बाजूचा खांदा थोडा खाली आला. मधे पाठीचा कणा वळला आणि डोकं तोल साधायला किंचित कलतं झालं. आता गळ्याच्या खालची खळगी बघा. तिथून ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याच्या आसपास पडेल. गवंडी भिंत तपासतो तसाच ओळंबा चित्रकार मॉडेलसमोर धरतात; दोऱ्याला एखादी किल्ली बांधली तरी काम होतं. चित्रात ही रेघ पावलांच्या बाहेर पडली, तर तो माणूस उभा नाही. तो चालतो आहे, कशाला तरी टेकला आहे किंवा पडतो आहे. यातलं काहीच दाखवायचं नसेल, तर बाकी चित्र कितीही सुंदर असो, ते चुकलेलं आहे.

ग्रीक शिल्पकारांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हे दगडात आणि कांस्यात साधलं. आपल्याकडे त्रिभंगात डोकं, धड आणि कंबर तीन दिशांना कलतात आणि तरी तोल ढळत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व हे त्याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होते. या प्रतिकृती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये पाठवल्या होत्या; १८८५ मध्ये तिथे आग लागली आणि त्यातल्या कितीतरी जळून गेल्या. ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन खंड त्यानंतर, १८९६-९७ मध्ये निघाले. शाळेत युरोपीय पद्धतीने छायाप्रकाश शिकणारी ती मुलं लेण्यांच्या अंधारात महिनोन्‌महिने असे देह उतरवत होती, ज्यांचा सगळा तोल आणि वजन मुख्यतः रेषेने पेललेलं होतं. अभ्यास म्हणून याहून मोठं काय मिळणार!

वजन पकडायचं तर वेळ कमी हवा. म्हणून वर्गात तीस सेकंदांच्या, एका मिनिटाच्या, दोन मिनिटांच्या पोझ देतात. एवढ्यात डोळे-बोटं काढायला सवडच नसते. डोक्यापासून भार घेतलेल्या पायापर्यंत जाणारी एक लांब रेघ, खांद्यांचा कल, कमरेचा कल, बस्स. डाँकीवर, म्हणजे चित्रफळी टेकवता येणाऱ्या बाकावर, बसून अशा शंभर आकृत्या झाल्या की हात रेघेला घाबरेनासा होतो. घरच्यांना ज्या वहीची काळजी वाटते ती ही वही. तिच्यात सुंदर चित्रं शोधू नका. त्या रेघांच्या माणसांपैकी कोण उभा आहे आणि कोण पडतो आहे, एवढंच बघा.

कातडीखालचं

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. चित्रकाराला त्यातली बरीचशी दिसतही नाहीत. जी कातडीच्या अगदी जवळ येतात ती मात्र माणूस जाड असो की बारीक, जागा सोडत नाहीत: गळ्याची खळगी आणि तिच्या दोन्ही बाजूंची हाडं, खांद्याचं टोक, मान खाली घातली की वर येणारा मणका, कोपर, मनगटाच्या बाहेरची गाठ, कमरेची पुढची दोन टोकं, गुडघ्याची वाटी, घोटे. आकृती काढताना या जागांचा आधार घेतला की मधलं मांसल शरीर बसवणं सोपं होतं.

काही बारकावे एकदा कळले की जन्मभर विसरत नाहीत. घोट्याचं आतल्या बाजूचं हाड वर असतं आणि बाहेरचं खाली. पोटरीचं नेमकं उलट, बाहेरचा फुगवटा वर आणि आतला खाली. दोन्ही बाजू सारख्या काढल्या की पाय खांबासारखा दिसतो, तो म्हणूनच. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत. तळवा आभाळाकडे असताना ती समांतर असतात, पालथा केला की एक दुसऱ्यावर आडवं जातं आणि अख्ख्या हाताचा आकार बदलतो.

पण इथेच तिसरं बिघडणं दबा धरून असतं. नवीन शिकलेला प्रत्येक स्नायू विद्यार्थी कागदावर आणतो. लिओनार्दो दा विंचीने स्वतः प्रेतं उघडून शरीर अभ्यासलं होतं, आणि त्यानेच लिहून ठेवलं आहे की सगळे स्नायू ठळक दाखवणाऱ्यांची माणसं अक्रोडांच्या पोत्यासारखी किंवा मुळ्यांच्या जुडीसारखी दिसतात. जो सर्वांत जास्त जाणत होता त्याने हे म्हटलं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. शरीररचना शिकायची ती दिसणारी गोष्ट का दिसते हे कळण्यासाठी. जे दिसत नाही ते काढण्यासाठी नाही.

कपड्यातला माणूस काढताना हे ज्ञान जास्त उपयोगी पडतं. कापड जिथे अडकतं, ताणलं जातं किंवा टेकतं तिथून चुण्या निघतात. नऊवारीतली बाई हा यासाठी उत्तम विषय आहे. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे कळतात, निऱ्या सरळ खाली पडतात, पदर खांद्यावरून उतरतो. लुगड्याच्या प्रत्येक घडीमागे एक हाड असतं. ती जागा माहीत नसली की चुण्या नुसत्या नक्षीसारख्या भरल्या जातात आणि आत कुणी नाही असं वाटतं.

सत्तावीस वर्षांचा विद्यार्थी

प्रगती कशी होते याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे व्हिन्सेंट व्हान गॉग. १८८० मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या भागात त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं. तेव्हाची त्याची खाणकामगारांची चित्रं अवघडलेली, कडक आहेत. त्याने शार्ल बार्ग यांच्या अभ्यासचित्रांचे तक्ते मिळवले. जेरोम या चित्रकाराच्या साथीने केलेला हा संच गुपिल या पॅरिसच्या प्रकाशनसंस्थेने १८६६ ते १८७१ या काळात काढला होता, आणि त्याच गुपिलमध्ये व्हिन्सेंटने सोळाव्या वर्षापासून नोकरी केली होती. संचाचा एक भाग म्हणजे नग्न आकृत्यांचे साठ तक्ते. ते त्याने पुन्हा पुन्हा उतरवले.

पुढच्या वर्षी तो शेतकरी काढायला लागला. प्रमाणं चुकत होती, पण खणणारा माणूस खणताना दिसायला लागला होता. १८८२ मध्ये हेगला असताना भावाकडून आलेल्या पैशातून तो मॉडेलना मोबदला देत असे. गरिबांसाठीच्या आश्रमातले म्हातारे, आणि सीन नावाची स्त्री, जिच्यावरून त्याने 'सॉरो' (दुःख) हे चित्र केलं. दोऱ्या ताणलेली चौकटही त्याने करून घेतली होती. तिच्यातून बघितलं की कोणता अवयव कुठे येतो ते दोऱ्यांवरून कळतं. १८८६ च्या सुरुवातीला तो अँटवर्पच्या अकादमीत शिकायला गेला. तिथे प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काटेकोर बाह्यरेषा काढायची शिस्त होती आणि याला वजन हवं होतं. त्याने मिलोची व्हीनस ही प्राचीन ग्रीक मूर्ती रुंद, भरदार कमरेची काढली आणि शिक्षक संतापले, असं एका सहविद्यार्थ्याने पुढे सांगितलं.

याच्या आधीच, १८८५ मध्ये, त्याने भावाला लिहिलं होतं की खणणाऱ्या माणसाचा फोटो काढला तर तो खणत नसेल. आपल्याला अशा चुका शिकायच्या आहेत ज्या शब्दशः खऱ्यापेक्षा जास्त खऱ्या असतील. हे वाक्य पुष्कळ विद्यार्थी ढाल म्हणून वापरतात. त्यांनी पुढचंही वाचावं. १८९० च्या जूनमध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याने बार्ग यांचे तेच साठ तक्ते भावाकडे पुन्हा मागितले होते. सगळे परत एकदा उतरवायचे होते. तोवर त्याची मोठी चित्रं काढून झाली होती. ठरवून केलेली चूक आणि न कळता झालेली चूक यांतला फरक जपायचा तर बरोबर काय ते हातात ताजं ठेवावं लागतं.

आपल्या दिशेने येणारा हात

पुढे केलेला हात किंवा आपल्याकडे पाय करून झोपलेला माणूस काढताना लांबी आक्रसते. याला फोरशॉर्टनिंग म्हणतात. इथे 'माहीत असणं' पुन्हा आडवं येतं, कारण हात लांब असतो हे मेंदू सोडत नाही. मान्तेन्या या इटालियन चित्रकाराच्या मृत ख्रिस्ताच्या चित्रात पावलं आपल्याकडे आहेत, आणि नियमाने जेवढी मोठी यायला हवीत त्यापेक्षा त्याने ती लहान ठेवली, नाहीतर चेहरा झाकोळला असता. नियम पक्का माहीत असलेला माणूस तो असा वाकवतो.

कुणाला बघू दिलं गेलं

माणूस बघून काढायचा तर कुणीतरी समोर तासन्‌तास न हलता बसावं लागतं. अंग अवघडतं, पाय बधिर होतात, म्हणून मधे विश्रांती देतात आणि पुन्हा त्याच जागी येता यावं म्हणून पावलांभोवती खडूने खुणा करतात. हे कष्टाचं काम आहे. मॉडेलशी अदबीने बोलणं हा अभ्यासाचाच भाग समजावा.

आणि हे बघण्याचा हक्क सगळ्यांना नव्हता. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ मधल्या संस्थापकांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. पण झोफानी या चित्रकाराने पुरुष मॉडेलभोवती जमलेल्या अकादमीच्या सदस्यांचं समूहचित्र केलं, तेव्हा या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरी म्हणून दाखवल्या. तिथल्या विद्यार्थिनींना अंशतः झाकलेल्या मॉडेलवरून काढायची परवानगी मिळाली ती थेट १८९३ मध्ये. स्त्रियांनी भव्य मानवाकृती का रंगवल्या नाहीत, असं विचारणाऱ्यांना एवढी एकच तारीख पुरेशी आहे.

मॉडेल नसेल तर

गावात राहणाऱ्या मुलांना मॉडेल कुठून मिळणार? बहुतेक जण मोबाइलवरच्या फोटोवरून काढतात. काहीच न काढण्यापेक्षा ते बरं, पण फोटोची फसगत माहीत हवी. कॅमेरा एका डोळ्याने बघतो. जवळून काढलेल्या फोटोत नाक आणि पुढचा हात फुगतो, मागचं शरीर आक्रसतं. सावलीतल्या कडा काळ्यात बुडतात, आपल्या डोळ्यांना मात्र त्या दिसत असतात. मुख्य म्हणजे फोटोला वजन नसतं. समोरचा माणूस थकला आणि त्याने भार बदलला, हे तिथे कधीच घडत नाही.

त्यापेक्षा घरात दुपारी झोपलेले आजोबा काढा. एसटी स्टँडवर जा. वाट बघणारी माणसं भार या पायावरून त्या पायावर घेत असतात, आणि पुन्हा पहिल्या पायावर येतात, म्हणजे अर्धं राहिलेलं चित्र पुरं करता येतं. आरशात स्वतःचा डावा हात काढा. रोज काढला तरी तो संपणार नाही. प्रत्येक पानावर तारीख घाला. काही महिन्यांनी जुनी पानं काढून शेजारी ठेवा आणि कोणतं चित्र चांगलं हे न ठरवता कोणती चूक आता होत नाही आणि कोणती नव्याने दिसायला लागली ते लिहून काढा. डोळे वर सरकण्याची तक्रार संपून खांद्याचा कल चुकल्याची तक्रार सुरू झाली असेल, तर पुढचा महिना फक्त खांद्यांवर घालवा.